लेखनसाहाय्य हवं: खाडीतला खून, एपीआय साहेब आणि यंदाची गणपतीची पाळी

वाळूचा_दांडा

मंडळी, नमस्कार. कादंबरी लिहितेय. खुनाची आहे, पोलिसाची आहे, कोकणातली आहे. निम्मी झाली आणि गाडी रुतली, म्हणून हा धागा.

सांगाडा असा. रत्नागिरी जिल्ह्याचं दक्षिण टोक, वाघोटन खाडीच्या अलीकडचा किनारा. गाव काल्पनिक. तिथल्या सागरी पोलीस ठाण्याचे प्रभारी एक एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक. नाव अजून ठरलं नाही, खर्ड्यात त्यांना नुसतं 'साहेब' म्हटलंय. खाडीपलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा, देवगड तालुका, आणि साहेबांचं स्वतःचं घर तिथेच. ठाण्याच्या मागच्या पडवीतून घरामागची माडांची रांग दिसते. होडीने गेलं तर लगेच, रस्त्याने गेलं तर भला मोठा वळसा.

श्रावणातली अमावास्या, गणपतीला चार दिवस. खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर एका तांडेलाचं (मासेमारी होडीच्या म्होरक्याचं) प्रेत लागतं. पहाटे पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकायला गेलेल्या म्हाताऱ्याला दिसतं. गाव म्हणतं, रात्री होडीवरून घसरला असणार. साहेबांना गळ्यावरची खूण खटकते.

घरची बाजू: वडील निवृत्त शिक्षक, आता विस्मरणाचा आजार. आई थकलेली. मोठा भाऊ मुंबईत, त्याला कलमांची बाग विकायची आहे. बहीण हिस्सा मागतेय आणि वर्षभर बोलत नाहीये. यंदा घरच्या गणपतीची पाळी साहेबांची. बायको मुलीला घेऊन तालुक्याच्या गावी राहते आणि नवरा कधी घरी नसतो म्हणून वैतागलेली आहे.

अडचण ही की तपासाची प्रकरणं एकीकडे आणि घरची दुसरीकडे पडतायत. एका मैत्रिणीने वाचून सांगितलं, "घर आलं की मी पानं उलटते." मला दोन्ही हवंय. कसं बांधू? शिवाय भरतीच्या वेळा, पंचनामा, कायद्याची नवी कलमं, यातलं जे ज्याला ठाऊक असेल ते सांगा.

सुरमई_फ्राय

रुमाल टाकून ठेवतो. खुनी पोलीस पाटील आहे, लिहून घ्या.

दर्याचो_झील

ताई, आधी भरती बघा, मग बाकीचं.

आमच्याकडे जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला-अवसेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. दिवसा तीच, रात्री तीच, थोडं मागेपुढे. म्हणजे तुमच्या अवसेला रात्री अकरा-साडेअकराच्या भरतीने प्रेत आत आणलं, ओहोटीने दांड्यावर ठेवलं, आणि पहाटे पाच-साडेपाचला पाणी सगळ्यात खाली असताना पागवाल्याला दिसलं. इथवर बरोबर जमतंय.

आता पुढचं. अवसेचं उधाण असतं. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, कमी चढणाऱ्या) पाण्याला दांड्याचा माथा कदाचित उघडा राहील, उधाणाला नाही. पाणी सहानंतर चढायला लागलं की साडेआठ-नऊला दांडा बुडायला सुरुवात, आणि सव्वाअकराला तिथे जागासुद्धा ओळखू येणार नाही. म्हणजे तुमच्या साहेबांच्या हातात घटनास्थळ म्हणून मोजून दोन-अडीच तास आहेत. त्यानंतर ते घटनास्थळ समुद्राने नेलं. पुन्हा ओहोटीला दांडा वर येईल, पण तो दांडा वेगळा, त्यावर काल काय होतं ते राहिलेलं नसेल.

माझ्या मते तुमची कादंबरी इथे आहे. बाकी नंतर.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

वरचा भाऊ लाख बोलला. मी पोलिसात होतो, किनाऱ्यावरच्या ठाण्यांतही होतो, म्हणून थोडं.

पाण्यात प्रेत सापडलं की कोणी लगेच 'खून' असं लिहीत नाही. आधी आकस्मिक मृत्यू दाखल होतो. पूर्वी सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) १७४ होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १९४. प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा, मग पोस्टमॉर्टेम, आणि डॉक्टरांचं काही ठोस आलं की मग एफआयआर बीएनएस (नवी दंडसंहिता) १०३ ने, म्हणजे खुनाचं जुनं ३०२. १ जुलै २०२४ नंतरची गोष्ट असेल तर नवीन आकडेच घाला. गोष्टीतला हवालदार मात्र तोंडाने '३०२' च म्हणेल, ते तसंच राहू द्या. जुन्या माणसांच्या जिभेवरून ते जायला वेळ लागेल.

दुसरं, हद्द. खाडीच्या मधल्या दांड्यावर प्रेत म्हणजे जिल्हा कुठला? अलीकडचे म्हणणार त्यांचं, पलीकडचे म्हणणार यांचं. गणपतीच्या बंदोबस्तात अर्धं ठाणं बाहेर, कोणालाच ते प्रेत नको असतं. कायद्याने झिरोने नोंद घ्यावीच लागते, हद्द नंतर ठरते. पण कादंबरीत साहेबांना एक सोयीचा दरवाजा आहे: "पलीकडच्यांना कळवा" म्हणाले असते तर सुटले असते. ते म्हणत नाहीत, हा त्यांचा स्वभाव. आणि पलीकडे त्यांचं घर आहे. आपल्याच गावच्या ठाण्यात अधिकाऱ्याला बसवत नाहीत, निवडणुकीच्या वेळी तर स्वतःच्या जिल्ह्यातूनही हलवतात. तुमच्या साहेबांची नेमणूक नियमात बसते, कारण मध्ये खाडी आहे. कागदावर दुसरा जिल्हा, डोळ्यासमोर आपलंच घर. हे छान धरलंय तुम्ही.

तिसरं, पंच. गणपतीच्या चार दिवस आधी सकाळी सहाला पंच म्हणून सही करायला गावातला माणूस मिळवून दाखवा. एक मखराच्या सामानाला गेलेला, दुसरा स्टेशनवर चाकरमान्यांना आणायला. शेवटी ग्रामपंचायतीचा शिपाई आणि किराणावाल्याचा मुलगा. आणि हेच पुढे कोर्टात फितूर होतात.

पोफळी

मी वेगळं बोलते. ताई, तुमची बायको (म्हणजे साहेबांची) फक्त फोनवर कुरकुर करण्यापुरती आहे का? "तुम्हाला घराची पर्वाच नाही" हे वाक्य खर्ड्यात असेल तर आधी खोडा. प्रत्येक पोलिसी कथेत ती बाई तेच वाक्य म्हणते आणि दार आपटते.

तिला नोकरी द्या. जिल्हा परिषदेची शिक्षिका करा. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीसाठी अर्ज भरून बसलेली, एकत्रीकरण कुठे करायचं तर नवऱ्याचीच बदली कधी होईल ठाऊक नाही. तिची तक्रार नवऱ्याच्या 'पर्वे'बद्दल नसेल. ती विचारेल, "बाबांना कोल्हापूरला न्यूरोकडे कोणी न्यायचं, तारीख मंगळवारची आहे, मला रजा नाही, तुम्हाला नाही." गगनबावड्याच्या घाटातून जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. यात कोणी चुकत नाही, आणि मंगळवार तर येतोच.

आणखी एक, विस्मरणाच्या माणसाबद्दल. आमच्या घरी सासरे होते. ते हरवायचे तेव्हा भरकटत नसत, कामाला निघायचे. छत्री, कापडी पिशवी, पायात चपला बरोबर घातलेल्या. एक तारखेला पेन्शन आणायला, शनिवारी बाजाराला. तारीख कुठली ते मात्र त्यांच्या मनातली. वाटेत भेटलेल्या माणसाला वाटायचं, अण्णा नेहमीसारखे चाललेत. म्हणून कोणी अडवायचं नाही. तुमचे निवृत्त मास्तर घरातून निघाले तर शाळेत जातील, आणि ती सध्याची शाळा नसेल, त्यांच्या पहिल्या नेमणुकीची असेल. ती बंद पडलेली असू शकते.

चाकरमानी_डोंबिवली

पोफळीताईंना +१.

गणपतीच्या पाळीबद्दल. आमच्याकडे वाटण्या होऊन तीन चुली झाल्या, गणपती मात्र एकच, मूळ घरात. ज्याची पाळी त्याने माटवी बांधायची, मूर्ती आणायची, भटजी ठरवायचे, आल्यागेल्याचं बघायचं. पाळी चुकवली तर कोणी समोर बोलत नाही, पण पुढची दहा वर्षं बोलतात. साहेबांना बंदोबस्तामुळे रजा मिळणार नाही हे उघड आहे. मग मुंबईचा भाऊ म्हणणार, "मी घेतो यंदा तुझी पाळी." वरून उपकार, आतून वेगळं: ज्याने पाळी घेतली तो मूळ घराचा कर्ता दिसतो. बागेचा सौदा त्याच वेळी पुढे सरकवायचा. हा भाऊ खलनायक नको, त्यालाही डोंबिवलीत हप्ते आहेत. (मी नव्हे हो तो.)

अवांतर: यंदा कोकण रेल्वेची तिकिटं खिडकी उघडताक्षणी संपली, यावर वेगळा धागा काढतो.

काळा_कोट_ताई

वकील आहे, फौजदारीही करते आणि जमिनीच्या भानगडीही. दोन्हीकडचं सांगते.

आधी घर. बाग वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मतः सहहिस्सेदार, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याचीही अट नाही. म्हणजे बहीण हट्ट करत नाहीये, तिचं आहे ते मागतेय. भावाने वडिलांचा अंगठा घेऊन कुलमुखत्यारपत्र केलं असेल तर करार कायद्याचं कलम १२ आडवं येतं: सही करतेवेळी व्यवहार समजण्याइतकं मन शाबूत हवं. पण ते सिद्ध कोण करणार? कोल्हापूरच्या डॉक्टरचा तारखेसह कागद. जो कागद मिळाला नाही, कारण मंगळवारी कोणाला रजा नव्हती. पोफळीताईंचा मंगळवार इथे वापरा.

आता खून. बीएनएसएसच्या १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी यायचं आहे आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं आहे. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत वेळ दिला आहे, त्यामुळे तुमच्या गोष्टीत व्हॅन येते की नाही हे तुम्ही ठरवा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून राजापूरच्या किनाऱ्यापर्यंत येईपर्यंत दर्याचो झील म्हणतात तो दांडा पाण्यात गेलेला असणार. जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ खाली करावं लागतं, ते ठाण्यातला शिपाई मोबाईलवर करतो.

आणि त्या चित्रीकरणावर वेळ असते. पूर्वी पंचनाम्यात "६.४५ ते १०.१५" असं लिहिलं की कोर्टात तेवढंच दिसायचं. आता मधले तुकडे दिसतात, आणि मधली पोकळीही दिसते. बचावाचा वकील आधी पोकळीच शोधतो.

मध्यरात्रीचा_वाचक

एवढं सगळं सरळ जातंय की झोप येईल. माझी सूचना: भाऊच खुन्याचा भागीदार. बाग विकत घेणारा तोच पर्ससीनचा (वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या बोटीचा) मालक, तांडेलाला ते कळलं, म्हणून त्याचा काटा काढला. दोन्ही धागे एका गाठीत. शेवटी साहेब भावाला बेड्या घालतात, आईच्या समोर, गणपतीच्या आरतीत.

पोफळी

आणि मागे ढोल-ताशे. अहो, हे किती वेळा पाहिलंय!

ठाणे_अंमलदार_निवृत्त

मध्यरात्रीचे वाचक, गंमत म्हणून ठीक. पण नोकरीत मी असं पाहिलं नाही की घरची भानगड आणि हातातली केस एकाच माणसाकडे जाऊन थांबली. मी जे पाहिलं ते असं: दोन्ही एकाच घड्याळावर चालतात. बायकोची सोनोग्राफी अकराला आणि रिमांडही अकराला. मुलाचा ताप उतरत नाही आणि व्हिसेराची (तपासणीसाठी काढलेल्या अवयवांची) बरणी मालखान्यात पडून आहे, कारण नेणारा शिपाई बंदोबस्ताला गेला. त्या बरणीचं पुढे काय होतं ते डॉक्टर असतील कोणी तर सांगतील.

सरकारी_आला

बोलावलंत म्हणून आलो. ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे, शवविच्छेदनं करावी लागतात, फॉरेन्सिकचा तज्ज्ञ नाही. ताईंच्या गोष्टीतला डॉक्टर माझ्यासारखाच असणार.

बुडालेलं शरीर आधी तळाला जातं. आत वायू धरला की वर येतं. आपल्याकडच्या कोमट पाण्यात साधारण दिवसभरात, कधी थोडं जास्त. म्हणजे तांडेल त्रयोदशीच्या रात्री शेवटचा दिसला असं ठेवा, जमेल. खेकडे आणि मासे आधी मऊ भाग खातात: ओठ, पापण्या, कानाच्या पाळ्या. ते पाहून गावात "कोणीतरी कान कापले" अशी बातमी फिरते. हे नक्की घाला, होतंच.

गळ्यावरची खूण. इथे सांभाळा. शरीर फुगलं की शर्टाची कॉलर, गळ्यातला गंडा, काहीही रुतून दोरीसारखा वळ दिसू शकतो. त्यामुळे माझ्यासारखा माणूस 'गळा आवळून खून' असं त्याच दिवशी लिहून देणार नाही. लिहील: मृत्यूचं कारण राखून ठेवलं, व्हिसेरा राखून ठेवला. साहेब चिडतील. चिडू द्या.

बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला, याला डायटमची तपासणी असते. पाण्यातले सूक्ष्म शैवाल हाडाच्या मज्जेत सापडले तर जिवंतपणी पाणी आत गेलं असं समजायला आधार. पण ताडून बघायला तिथल्या पाण्याचा नमुना लागतो. कुठल्या पाण्याचा? प्रेत मिळालं खाडीत, माणूस पडला बाहेर समुद्रात की आत जेटीवर? दोन्हीकडचा नमुना घेतला नसेल तर अहवाल आला तरी अर्धवट. कोर्ट डायटमवर एकट्यावर विसंबत नाही, हेही वकीलताई सांगतील.

व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात, बरणीला लाखेचं सील, शिपायाच्या हाती कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत. बरणी बांधली कधी, निघाली कधी, पोचली कधी, तिन्ही तारखा कागदावर येतात. मधले दिवस ती कुठे होती, याचं उत्तर कोणीतरी द्यावं लागतं.

काळा_कोट_ताई

डॉक्टरसाहेब, अगदी. डायटम आधाराला चालतो, पायाला नाही.

भावाचा मुद्दा पूर्ण सोडू नका मात्र. टॉवर डम्प मागवला की त्या रात्री त्या टॉवरवर असलेले सगळे नंबर येतात. खाडीकाठी फोन अनेकदा पलीकडच्या काठाचा टॉवर पकडतो. म्हणजे साहेबांच्या यादीत पलीकडच्या घरचे नंबर येणारच: आईचा, आणि त्या रात्री गुपचूप गावी येऊन गेलेल्या भावाचा. भाऊ खुनी नाही. पण तो गावी आला होता हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, ते साहेबांना सरकारी यादीतून कळतं. आता काय करायचं? एसपींना कळवायचं, तपास एलसीबीकडे (स्थानिक गुन्हे शाखेकडे) जाऊ द्यायचा, की तो नंबर 'संबंध नाही' म्हणून बाजूला टाकायचा? नात्यामुळे तपास आपोआप रद्द होत नाही, पण लपवलं आणि नंतर निघालं तर बचावाला दिवाळी.

मध्यरात्रीचा_वाचक

हे माझ्यापेक्षा बरं आहे. मान्य.

दर्याचो_झील

खुनाचं कारण अजून कोणी बोलत नाही. गोष्ट २०२५ ची करा. गणपती २७ ऑगस्टला होते, अमावास्या २२-२३ ला. यांत्रिक नौकांची बंदी १ जून ते ३१ जुलै, ती उठलेली. पण पर्ससीनला राज्याच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा. एलईडी दिवे लावून मासे मारायला तर कधीच नाही. म्हणजे तुमची अवस बरोबर त्या मधल्या दिवसांत येते, जेव्हा ट्रॉलर बाहेर जाऊ शकतो आणि पर्ससीन नाही. त्या दिवसांत कोण कुठलं जाळं घेऊन गेला होता हे ज्याला ठाऊक, तो तांडेल. तांडेलाला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंड लाखांत गेलाय, हे विसरू नका.

पुरावा म्हणाल तर दोन वह्या. बंदरावरच्या सुरक्षा रक्षकाची, होडी गेली-आलीची. आणि मच्छीमार सोसायटीची, डिझेलची. मालक म्हणतो होडी त्या रात्री ओढून ठेवली होती. रक्षकाच्या वहीत नोंद नाही. डिझेलच्या वहीत मात्र त्रयोदशीला आहे. साहेबांनी ही वही त्याच दिवशी ताब्यात घ्यायला हवी. दुसऱ्या दिवशी ती वही 'पावसात भिजलेली' असते.

वाळूचा_दांडा

थांबा थांबा, मी वहीत उतरवतेय! सगळ्यांचे आभार मानत बसले तर धागा भरेल.

ठरवलं असं. भाऊ खुनी नाही. घर आणि खून कथानकात कुठेही जोडायचे नाहीत, जोडायचे ते फक्त वेळेने. वडील हरवतात ते त्याच सकाळी, दांडा पाण्यात जायच्या आधी. बायको शिक्षिका झाली. एक तुकडा रात्री लिहिला, तो टाकते. ठोका.

*हवालदाराने टेपचं एक टोक मेलेल्याच्या टाचेशी दाबून धरलं होतं. "पाण्यापर्यंत साडेचौदा मीटर, साहेब." साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं. नकाशा होईपर्यंत पुन्हा मोजलं तर तेरा भरले. शिपाई पोरगा मोबाईल आडवा धरून चित्रीकरण करत होता, सर आली की मोबाईल शर्टात घालायचा आणि सर गेली की पुन्हा काढायचा. प्रेतापासून पाण्याकडे वाळूत एक चर गेली होती, वितीएवढी रुंद, मध्येच तुटलेली. नांगराची असेल, नाहीतर ओढल्याची. तिच्याकडे अजून यायचं होतं.*

*फोन वाजला. आई. त्यांनी कापला. पुन्हा वाजला. मग बहिणीचा नंबर.*

*"बाबा घरात नाय हत. मागला दार उघडा आसा."*

*"कदीपासून?"*

*"आवशीक ठावक नाय. ती पाचाक उठली तेवा खाट रिकामी होती. छत्री पण नाय."*

*त्यांनी पलीकडे पाहिलं. माड, कौलं, धक्क्याच्या पायऱ्या. खालच्या दोन पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. पागवाला म्हातारा जबाबासाठी थांबवलेला, होडीत बसून बिडी ओढत होता.*

*"काका, पलीकडे सोडाल?"*

*म्हातारा आधी हवालदाराकडे बघायला लागला.*

*"साहेब, पंचनामा?"*

*"तुम्ही चालू ठेवा. चरीचं माप घ्या. पंचांच्या सह्या मी आल्यावर."*

*७ वाजून १० मिनिटं झाली होती. ते परत आले तेव्हा ८.५० झाले होते आणि हवालदार प्रेत होडीत घालून घोटाभर पाण्यात उभा होता. चर विचारायची गरज नव्हती.*

पोफळी

छत्री पण नाय. बास, बहिणीला आता आणखी काही बोलायला लावू नका.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

छान. एकच: हवालदार "साहेब, पंचनामा?" एवढंच विचारून थांबणार नाही. जुना हवालदार असेल तर बाजूला घेऊन हळूच म्हणेल, "साहेब, तुम्ही जा, मी वेळ लावतो बरोबर." म्हणजे कागदावर साहेब तिथेच होते. साहेबांनी हो म्हणायचं की नाही? नाही म्हणाले तर चरीचं माप गेलं, हो म्हणाले तर खोटा पंचनामा. मी दोन्ही प्रकारचे अधिकारी पाहिलेत आणि दोन्ही वाईट नव्हते.

चरीचं माप हवालदाराने घेतलं का नाही, हेही सांगा. माझा अंदाज, प्रेत आधी वाचवलं असणार. मीही तेच केलं असतं.

काळा_कोट_ताई

तुकडा वाचून माझे हात शिवशिवायला लागले. ताई, तुम्ही काय करून ठेवलंय बघा.

एक, चित्रीकरणात साहेब ७.१० पर्यंत आहेत, मग एकदम ८.५० नंतर. दोन, पंचांच्या सह्या नंतरच्या, म्हणजे ज्या चरीवर त्यांनी सही केली ती त्या वेळी पाण्याखाली. तीन, आणि हे सगळ्यात वाईट: साहेब गेले ते कोणाच्या होडीतून? प्रेत पहिल्यांदा बघणाऱ्या साक्षीदाराच्या! जबाब नोंदवायच्या आधी तपास अधिकारी आणि मुख्य साक्षीदार दोघेच होडीत, जाताना आणि येताना. काय बोलले? मी बचावाला असते तर खुन्याबद्दल एक शब्द विचारला नसता. अर्धा दिवस त्या होडीवरच काढला असता.

खटल्यात हे सगळं एकदम येऊ द्या. अटक ५ सप्टेंबरच्या आसपास ठेवा, आरोपपत्राला नव्वद दिवस, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत दाखल व्हायला हवं, नाहीतर आरोपी आपोआप जामिनाला पात्र. त्या नव्वद दिवसांत घरची वाटणी, वडिलांचा कागद, बदलीचा हुकूम. पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, तो पूर्वीही चालत नव्हता, आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खाली चालत नाही. त्यामुळे शेवटी आरोपीने रडून कबूल केलं असला शेवट मला चालणार नाही. त्याने दाखवून दिलेल्या जागेतून दोरी निघाली, तेवढं चालेल.

चाकरमानी_डोंबिवली

वडील कुठे सापडले पण?

वाळूचा_दांडा

पोफळीताईंच्या शाळेत. बंद पडलेल्या. पाटावर बसून हजेरी घेत होते, पहिल्या रांगेतली नावं क्रमाने. त्यात तांडेलाच्या बापाचं नाव येतं, पण साहेब ते तपासाला जोडत नाहीत, जोडण्यासारखं काही नाहीच. गावात मास्तरांचा विद्यार्थी कोण नाही?

मध्यरात्रीचा_वाचक

हे जोडायचं नाही म्हणता आणि नाव घालता! वाचक शेवटपर्यंत त्याचीच वाट बघणार.

वाळूचा_दांडा

बघू दे की. साहेबही बघतात दोन-तीन प्रकरणं.

सरकारी_आला

डिझेलची वही आणि पाण्याचा नमुना, दोन्ही त्याच सकाळी घ्यायचे होते. दोन्ही राहिले. साहेबांना हे कधी कळतं? माझ्याकडे पोस्टमॉर्टेमला आल्यावर मीच विचारीन, "पाणी आणलंत का?" तिथे आणा ते.

वाळूचा_दांडा

आणते. खटल्याचा भाग लिहून झाला की इथेच टाकीन, वकीलताईंनी उलटतपासणी घ्यावी. दर्याचो झील, एकच शंका राहिली: पर्ससीनला मुभा नसताना एवढ्या लांब जायचं म्हणजे डिझेल भरपूर लागणार. मालक ते सोसायटीच्या वहीत कशाला दाखवेल? बाहेरून कुठून मिळतं?

दर्याचो_झील

ताई, तां हय उघड्यार इचारू नका. व्यनि (खाजगी निरोप) करतंय.